‘नामांकित कंपनीचे’ म्हणजे नेमके कोणाचे?

फ्लॅटच्या करारात लिहिलेलं असतं, ‘स्वयंपाकघरात व न्हाणीघरात नामांकित कंपनीचे नळ’. छोट्या जाहिरातीत असतं, ‘नामांकित कंपनीत तातडीने भरती’. स्थळ सांगून येतं तेव्हा मुलगा ‘पुण्यात नामांकित कंपनीत’ असतो. आणि वर्तमानपत्रात एखादा सिनेमा ‘ऑस्करसाठी नामांकित’ झालेला असतो. या शब्दाबद्दल वाचक सतत विचारतात. काहींची शंका भाषेची असते: नामांकित म्हणजे प्रसिद्ध की निवडलेला? काहींचे पैसे अडकलेले असतात: नामांकित म्हणून लिहून दिलं, बसवलं भलतंच, आता काय करायचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की दुसऱ्याचं निम्मं उत्तर मिळतं, म्हणून दोन्ही एकत्रच घेते.

मीही यात फसलेली आहे. आमच्या घराच्या करारात ‘नामांकित कंपनीचे सी. पी. फिटिंग’ असं ठसठशीत छापलेलं होतं. सी. पी. म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेले. आठ महिन्यांत नळांचा तो मुलामा पापुद्र्यासारखा सुटायला लागला. साइटवरच्या इंजिनिअरला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, कंपनी नामांकितच आहे. आमच्या सगळ्या साइटवर हीच असते.’ त्याचं म्हणणं खोडून काढायला माझ्या हातात काही नव्हतं, कारण करारात कंपनीचं नावच नव्हतं.

आधी शब्द तपासून घ्या

नाम आणि अंकित. नाव कोरलेलं, उमटवलेलं. रामायणात हनुमान सीतेला दाखवतो ती अंगठी रामनामांकित आहे. शकुंतलेच्या हरवलेल्या अंगठीवरही दुष्यंताचं नाव आहे. दोन्ही कथांत ते नाव शोभेचं नाही, तो ओळखीचा पुरावा आहे. इंग्रजीतल्या ‘ब्रँड’चं मूळही डाग देण्यात आहे, गुरांवर तापल्या सळईचा डाग उमटवला की मालक कळायचा. आपल्याकडे याला छाप किंवा मार्का म्हणत. गाय छाप, उंट छाप, हत्ती मार्का. घेणाऱ्याला अक्षरओळख नसली तरी गाय ओळखता यायची.

म्हणजे ‘नामांकित’ हा मुळात ब्रँडचाच शब्द. पुढे ‘ज्यावर नाव आहे’ याचा अर्थ सरकत सरकत ‘ज्याला नाव आहे’ असा झाला, आणि मराठीत तोच रुळला: प्रसिद्ध, लौकिकवान. गंमत अशी की आज हा शब्द सर्वांत जास्त वापरला जातो तो नाव सांगायचं टाळायचं असतं तिथे. ज्याला नाव सांगायचं असतं तो सरळ नावच छापतो, विशेषणाच्या वाटेला जात नाही. तेव्हा छापील मजकुरात ‘नामांकित’ दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारा: नाव काय?

या शब्दाच्या आसपासचे काही शब्द सारखे दिसतात किंवा त्याच्या जागी वापरले जातात. त्यांच्यातले फरक व्यवहारात महागात पडतात.

- नामांकित: प्रसिद्ध. हे सांगणाऱ्याचं मत आहे. कोणतंही सरकारी कार्यालय कंपनीला ‘नामांकित’ असल्याचा दाखला देत नाही.
- नामनिर्देशित: ज्याचं नाव सुचवलं किंवा नेमलं आहे तो. बँकेत, विम्यात, सोसायटीच्या भागपत्रात हा शब्द येतो. हिंदीत याच अर्थानं ‘नामांकित’ म्हणतात, त्यामुळे हिंदी मजकुराच्या अर्जावर ‘नामांकित व्यक्ति’ दिसली तर ती प्रसिद्ध व्यक्ती नव्हे, तुमची नॉमिनी. सिनेमांचा गोंधळही याच वाटेनं आला. ‘नामांकन मिळालं’ हे आता मराठीत पक्कं रुळलं आहे, त्याला हरकत नको. पण ‘ऑस्करसाठी नामांकित चित्रपट’ लिहिलं की मराठी वाचक अडखळतो. ‘नामांकन मिळालेला’ लिहा.
- मानांकित: दोन अक्षरांची अदलाबदल, अर्थ पार वेगळा. ठरावीक मानकानुसार तपासणी झालेला. आपल्याकडे शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायतीसुद्धा ‘आयएसओ मानांकित’ अशी पाटी लावतात. लक्षात घ्या, आयएसओ ही संस्था स्वतः प्रमाणपत्रं देत नाही, ती इतर संस्था देतात. आणि ९००१ हे मानक कामकाजाच्या पद्धतीचं आहे. कारखाना ‘आयएसओ मानांकित’ असला म्हणून त्यातून निघणारा पाइप चांगला, असा त्याचा अर्थ होत नाही.
- नोंदणीकृत: सरकारी दप्तरात नाव आहे, इतकंच. कालच नोंदलेली कंपनीही नोंदणीकृतच.
- नामवंत हे माणसांना शोभतं: नामवंत वकील, नामवंत गायिका. नामचीन मात्र जपून. हिंदीत ते कौतुक असेल, मराठी बातमीत नामचीन असतो तो गुंड. आपल्या पेढीच्या रौप्यमहोत्सवी निमंत्रणावर तो छापू नका.

यात भर घालायचीच तर मी नाणावलेला हा शब्द सुचवीन. नाणं वाजवून, पारखून घ्यावं तसा अनुभवानं पारखलेला. ‘नाणावलेली पेढी’ म्हणताना कुणीतरी ती वापरून पाहिलेली असते. ‘नामांकित’मध्ये ती अट नाही.

घराचा करार: इथे हा शब्द सर्वांत महाग पडतो

फ्लॅट घेताना आपण चटईक्षेत्र, पार्किंग, ताब्याची तारीख यावर तास घालवतो. करारासोबतचं सोयीसुविधांचं अ‍ॅनेक्शर मात्र सही करताना उलटून टाकतो. ‘नामांकित’चं खरं घर तिथे आहे. नामांकित कंपनीच्या टाइल्स, नामांकित कंपनीची लिफ्ट, नामांकित कंपनीचा रंग.

घरखरेदीच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणारा रेरा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी करणाऱ्या महारेरा या प्राधिकरणाचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. राज्याच्या नियमांसोबत कराराचा जो नमुना दिला आहे, त्यात फिटिंग आणि सुविधांबद्दल स्पष्ट अपेक्षा आहे: ब्रँडचं नाव लिहा, आणि वस्तू ब्रँडची नसेल तर तिची किंमत कोणत्या टप्प्यातली आहे ते लिहा. म्हणजे नाव किंवा किंमत, दोन्हींपैकी एक कागदावर हवंच. ‘नामांकित कंपनी’ या दोन्हींत बसत नाही. बिल्डरकडे नाव मागताना संकोच करू नका. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही, नमुन्यातली रिकामी जागा भरून मागता आहात.

मागायची वेळ मात्र महत्त्वाची. नोंदणीकृत कराराशिवाय एकूण किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. तुमचं पारडं जड असतं ते याच काळात. कराराचा मसुदा ई-मेलवर मागवा, अ‍ॅनेक्शर आधी वाचा, आणि दुरुस्त्या ई-मेलनंच पाठवा. ‘सही झाल्यावर बघू’ याला मान डोलावू नका.

अ‍ॅनेक्शरमध्ये काय लिहून घ्यायचं?

- नळ, शॉवर, सी. पी. फिटिंग: कंपनी आणि मालिका. एकाच कंपनीच्या साध्या आणि महागड्या मालिकेत किमतीचा फरक कित्येक पट असतो. नुसतं कंपनीचं नाव लिहून घेतलंत तर सर्वांत स्वस्त मालिका बसेल आणि बिल्डरला दोष देता येणार नाही.
- वायरिंग: कंपनी, तांब्याची वायर, आणि कोणत्या पॉइंटला किती चौरस मिलिमीटर. पीव्हीसी वायरीसाठी मानक आयएस ६९४ आहे.
- प्लायवूड आणि दारं: इथे नावापेक्षा आकडा बोलतो. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराचं प्लाय, आयएस ७१० हे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. सिंकखालच्या कपाटाला ‘नामांकित कंपनीचं’ ३०३ बसवलं तर नाव कितीही मोठं असो, पावसाळ्यात ते फुगण्याची भीती राहते.
- टाइल्स: माप, प्रकार (सिरॅमिक की व्हिट्रिफाइड), कंपनी. कंपनी लिहायला तयार नसतील तर चौरस फुटाचा दर.
- लिफ्ट: कंपनी, किती माणसांची, आणि हमीचा काळ. पुढे वर्षानुवर्षं देखभालीचा खर्च सोसायटीच्या माथी येतो, म्हणून सुटे भाग कोण पुरवणार हेही विचारा.
- रंग: कंपनीपेक्षा प्रकार आणि हात. डिस्टेंपर की इमल्शन, पुट्टीसह किती हात.

एवढं सगळं प्रत्येक बिल्डर लिहून देईल असं नाही. ज्या रोज हाताळून झिजतात किंवा नंतर बदलणं अवघड असतं त्या वस्तूंबद्दल अडून बसा. रंगाबद्दल मी हट्ट सोडते, वायरीबद्दल नाही.

काही वाक्यं दिसली की पेन्सिलनं खूण करा:

- ‘...कंपनीचे अथवा तत्सम’. ‘तत्सम’ कोण ठरवणार हे लिहिलेलं नसतं. पुढे जोडून घ्या: ‘खरेदीदाराच्या लेखी संमतीने’.
- ‘उपलब्धतेनुसार बदल करण्याचा अधिकार विकासक राखून ठेवत आहे’. रेरा कायद्याचं कलम १४ म्हणतं की फिटिंग व सुविधांच्या स्वरूपात तुमच्या पूर्वसंमतीशिवाय बदल करता येत नाही. असं वाक्य करारात असलं तरी घाबरू नका, पण सहीआधी काढून टाकलेलं बरं.
- ‘नमुना सदनिका केवळ कल्पनेसाठी’. नमुना फ्लॅटमध्ये झगमगते नळ आणि प्रत्यक्षात वेगळे, ही तक्रार जुनी आहे. कलम १२ मध्ये जाहिरात, माहितीपत्रक आणि नमुना सदनिका हे सगळं येतं. त्यावर भिस्त ठेवून पैसे भरले आणि माहिती खोटी निघून नुकसान झालं तर भरपाई मागता येते, प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसेही मागता येतात. म्हणून नमुना फ्लॅट बघायला जाल तेव्हा फोटो काढा. नळावर, स्विचवर, कमोडवर नाव असतं, ते जवळून टिपा. माहितीपत्रक रद्दीत घालू नका.

जमेल तसं वापरता यावं म्हणून एक वाक्य तयार देते: ‘सदनिकेतील सर्व नळ व शॉवर (कंपनीचे नाव) कंपनीच्या (मालिकेचे नाव) मालिकेतील असतील, ते बाजारात उपलब्ध नसल्यास खरेदीदाराच्या लेखी पूर्वसंमतीने तितक्याच किंवा अधिक छापील किमतीचे दुसरे बसवण्यात येतील.’

ताबा घेताना वॉरंटी कार्डं आणि खरेदीच्या बिलांच्या प्रती मागा. ताब्याच्या आधी साइटवर जाता आलं तर रिकाम्या खोक्यांचे फोटो काढा. वायरीच्या वेष्टणावर थोड्याथोड्या अंतरावर नाव आणि मानक छापलेलं असतं; भिंत बुजण्याआधी ते दिसतं, नंतर नाही.

ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकाम, कारागिरी किंवा दर्जातला दोष दाखवून दिलात तर बिल्डरनं ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यायचा असतो, नाही तर भरपाई. हे मला माझ्या नळांच्या वेळी माहीत असतं तर मी इंजिनिअरशी वाद घालत बसले नसते, लेखी पत्र दिलं असतं.

एक मर्यादा मात्र आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा ८ पर्यंत सदनिकांचे छोटे प्रकल्प रेरा नोंदणीतून सुटतात. तुमची इमारत त्यातली असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता धरावा लागेल, तो पुढे सांगते.

दुकानात: ‘कंपनीचा आहे, बिनधास्त घ्या’

दुकानदाराच्या बोलण्यात ‘नामांकित’ क्वचित येतं. तिथे जोडी असते ‘कंपनीचा’ आणि ‘लोकल’. ‘कुठल्या कंपनीचा?’ असं विचारलं की अनेकदा उत्तर येतं, ‘चांगल्या कंपनीचा.’ हा आपला जुना मित्रच, कपडे बदलून आलेला. आणि ‘फर्स्ट कॉपी’ या गोंडस नावाला भुलू नका. नक्कल पहिली असो वा दहावी, ती नक्कलच. बनावट आहे हे ठाऊक असून घेतलीत तर उद्या फसवणुकीची तक्रार कोणत्या तोंडानं करणार?

नावाची खात्री वस्तूवरच्या खुणांवरून करा:

- आयएसआय चिन्ह: चिन्हाच्या वर आयएस क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक (सीएम/एल) असायला हवा. नुसतं चिन्ह छापणं सोपं असतं, म्हणून भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तो परवाना क्रमांक टाकून पाहा. कोणत्या कंपनीला, कोणत्या वस्तूसाठी दिला आहे ते कळतं. हेल्मेट (आयएस ४१५१) आणि बाटलीबंद पाणी (आयएस १४५४३) घेताना तरी एवढं कराच.
- ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक: चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवे अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर. तोही त्याच अ‍ॅपवर तपासता येतो.
- सोन्यावर हॉलमार्क: १ एप्रिल २०२३ पासून सराफाला हॉलमार्कचा दागिना एचयूआयडी या सहा अक्षरांकांच्या ओळखक्रमांकाशिवाय विकता येत नाही. सराफाचं घराणं कितीही जुनं असो, हा क्रमांक तपासा. शुद्धता कमी निघाली तर नियमानुसार त्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो.
- खाद्यपदार्थांवर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक.
- पाकीटबंद मालावर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयात करणारा यांचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. हे वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. बनावट मालाची चोरी बहुधा पत्त्यात पकडली जाते: पुढे ओळखीचं नाव, मागे पत्ताच नाही किंवा नावात एक अक्षर बदललेलं.

यांपैकी एकही खूण ‘नामांकित’ असल्याची नाही. त्या खुणा दर्जाच्या किंवा जबाबदारीच्या आहेत, आणि नावापेक्षा त्यांवर जास्त विसंबावं असं माझं मत आहे. अनोळखी कंपनीचा पण योग्य परवाना क्रमांकाचा पाइप मी घेईन.

बिल पक्कंच घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून मागा. ‘वायर १ बंडल’ असं बिल पुढे काहीच सिद्ध करत नाही. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांकांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०.

आडनावांचा घोळ वेगळाच. मिठाई, मसाले, सराफी या धंद्यांत एकाच आडनावाची चार दुकानं एका रस्त्यावर दिसतात. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पुणेरी पाटी आपण विनोदात काढतो, पण तिचं काम गंभीर आहे: पलीकडच्या दुकानाशी आमचा संबंध नाही, हे ती सांगते. स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरण्याची मुभा व्यापारचिन्ह कायदाही देतो, त्यामुळे आडनाव तेच म्हणजे नक्कल, असं गृहीत धरू नका. पूर्ण नाव आणि पत्ता पाहा.

गावाच्या नावाचंही तसंच. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. गोव्याच्या काजू फेणीला ते २००९ मध्ये मिळालं. तिथे ‘कोणती नामांकित कंपनी?’ हा प्रश्नच गैरलागू. माल कुठल्या भागातला आणि विकणारा अधिकृत वापरकर्ता आहे का, एवढं विचारा.

नोकरी, शाळा आणि स्थळ

‘नामांकित कंपनीत भरती, अनुभवाची गरज नाही’ या जाहिरातीत बहुधा एखाद्या एजन्सीचा मोबाइल नंबर असतो. कंपनी नाव लपवते याला कधी खरं कारणही असतं, पण मुलाखतीपर्यंत नाव सांगितलं नाही तर पुढे जाऊ नका. नाव कळल्यावर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा आहे का पाहा, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची नोंद शोधा. अनामत, गणवेश, प्रशिक्षण, लॅपटॉप अशा कोणत्याही नावाखाली आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागण्याची शक्यता कमी.

आखाती देशांतल्या ‘नामांकित कंपनी’साठी कोकणातून अनेक जण जातात. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते, आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासा.

शाळांच्या बाबतीत हा शब्द एके ठिकाणी खरोखर सरकारी झाला आहे. आदिवासी विद्यार्थ्यांना ‘नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळां’त शिकवण्याची आदिवासी विकास विभागाची योजना आहे. तिथे नामांकित म्हणजे विभागानं निवडलेली शाळा, आणि शुल्क विभाग भरतो. पालकांनी शाळेच्या जाहिरातीवर न जाता आपल्या प्रकल्प कार्यालयात यंदाच्या यादीत शाळा आहे का ते विचारावं. गेल्या वर्षी होती, हे पुरेसं नाही. इतर कोणत्याही शाळेनं स्वतःला नामांकित म्हटलं तर ते तिचं स्वतःबद्दलचं मत.

स्थळाबद्दल काय सांगणार? कंपनीचं नाव आणि मुलगा तिथे कायम आहे की कंत्राटावर, हे दोन्ही विचारा. राग आला तर स्थळाबद्दल आणखी काही कळेल.

तुमचा स्वतःचा धंदा असेल तर

पाटीवर ‘नामांकित’ लिहायला कायद्याची बंदी नाही. सर्वोत्तम, अग्रगण्य, नामांकित अशा मोघम बढाईला कायदा सहसा खोटेपणा मानत नाही. हीच गोष्ट ग्राहक म्हणून तुमच्या विरुद्ध जाते हे ध्यानात असू द्या. पण ‘महाराष्ट्रात पहिल्या क्रमांकाचे’, ‘अमुक कंपनीचे अधिकृत विक्रेते’ अशी तपासता येणारी विधानं केलीत तर ती सिद्ध करावी लागतील. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

नाव राखायचं असेल तर व्यापारचिन्हाची नोंदणी करा. ऑनलाइन अर्जाचं शुल्क व्यक्ती आणि लघुउद्योगांना प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. ‘टीएम’ कुणीही लावू शकतं. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच. अर्ज केल्याच्या दुसऱ्या दिवशी तो पिशव्यांवर छापून घेणारे बरेच भेटतात, तो गुन्हा आहे.

कायद्यात ‘सुविख्यात व्यापारचिन्ह’ अशी एक वेगळी पायरीही आहे. तिचा फायदा असा की दुसऱ्या कुणी अगदी वेगळ्या धंद्यातही ते नाव वापरलं तर अडवता येतं. त्यासाठी १ लाख रुपये शुल्क भरून, लोकांत नाव किती माहीत आहे याचे पुरावे द्यावे लागतात. ‘नामांकित’च्या जवळपास जाणारा अधिकृत दर्जा असलाच तर हा एवढाच.

फसगत झालीच तर

१. लेखी पत्र. फोनवर भांडू नका. काय लिहून दिलं होतं, काय मिळालं, आणि तुम्हाला काय हवं (बदलून, फरकाची रक्कम की परतावा) हे तीन परिच्छेदांत लिहून १५ दिवसांची मुदत द्या. पत्र पोचल्याचा पुरावा ठेवा. करारात नुसतं ‘नामांकित’ असेल तर पत्रात सरळ विचारा: ‘बसवलेल्या वस्तूंच्या कंपनीचे नाव, मॉडेल व खरेदीचे बिल कळवावे.’ या पत्राला उत्तर न देणंही पुढे तुमच्या बाजूनं बोलतं.

२. १९१५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. निकाल देत नाही, पण मोठ्या कंपन्यांबाबत पुष्कळदा इथेच मिटतं. वजन, किंमत, पाकिटावरच्या मजकुराची तक्रार वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे. खाण्याच्या वस्तूंची अन्न व औषध प्रशासनाकडे.

३. महारेरा. बिल्डरविरुद्ध. तक्रारीचं शुल्क ५,००० रुपये. दोन्ही बाजू तयार असतील तर आधी सलोखा मंचात बसता येतं. मी तिथून सुरुवात करायला सांगेन.

४. ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनी दिल्लीची असली तरी तुम्हाला दिल्लीला जायला नको. ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावर ऑनलाइनही करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. ‘बघतो, करतो’ म्हणत बिल्डर किंवा दुकानदार नेमकी हीच दोन वर्षं घालवतो.

दर्जाबद्दल वाद असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून प्लंबरनं काढलेला नळ, जळालेली वायर, फुगलेल्या प्लायचा तुकडा भंगारवाल्याला देऊ नका. तारीख लिहून पिशवीत बांधून माळ्यावर टाका, आणि काढण्याआधी तो जागेवर असतानाचा एक फोटो घ्या. मी माझे नळ आधीच भंगारात दिले होते.